कुलपाआडची घरे

वाघूर नदीच्या काठी पेठ आणि कसबे अशा दोन नावांनी वसलेल्या पहुरात, अजिंठ्याच्या वाटेवरच्या गजबजलेल्या चौफुलीपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर, गावठाणातील एका बोळात आमचे पाच खणांचे धाब्याचे घर आहे. वडिलांच्या निधनानंतर आई माझ्याकडे जळगावी राहावयास आली, तेव्हा आम्ही त्या घराला कुलूप लावले, चावी शेजारच्या काकूंच्या हाती दिली आणि 'काकू, जरा लक्ष असू द्या' एवढ्या एका वाक्यावर तीन पिढ्यांचा संसार सोपवून निघून आलो. तिसऱ्या वर्षीच्या श्रावणात, कानबाईच्या सणानिमित्ताने सगळे भाऊबंद गावी जमले, तेव्हा ते कुलूप पुन्हा उघडले. दार फुगले होते. दोघांनी खांदा लावला तेव्हा ते हलले. मधल्या घरात धाब्याची माती ओघळून जमिनीवर तिचा लहानसा ढीग झाला होता, आणि देवघराच्या कोनाड्याखाली पाण्याचा जो डाग उतरला होता त्याला एकात एक अशा तीन तपकिरी कडा होत्या. तीन पावसाळ्यांनी आपापली खूण तेथे निरनिराळी नोंदवून ठेवली होती. आईने सवयीने सागवानी तुळईच्या टोकाला हात लावला, आणि तिचे बोट लाकडात पेराएवढे आत गेले. वाळवीने वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवला होता.

काकू दाराशीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मागच्या आषाढातच दिसलं होतं मला, भाऊ. पण कळवू कसं? तुम्हाला वाटलं असतं, काकूला चावी जड झाली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांना दोष देण्याचे माझ्या मनातही आले नाही, कारण चूक त्यांची नव्हती. ज्या व्यवस्थेवर आम्ही ते घर सोडले होते त्या व्यवस्थेतच ती चूक होती. उपकार म्हणून स्वीकारलेल्या कामात वाईट बातमी सांगण्याचा अधिकार नसतो आणि ती विचारण्याचाही नसतो. आम्ही दर दोन महिन्यांनी फोन करीत होतो, 'घर ठीक ना?' म्हणून विचारीत होतो, आणि पलीकडून 'ठीक आहे' असे उत्तर येत होते. त्या उत्तरात असत्य बोलण्याचा हेतू लेशमात्र नव्हता, होता तो केवळ संकोच.

त्या दिवसापासून माझे असे मत बनत गेले आहे, आणि ते मी येथे विस्ताराने मांडणार आहे, की पहुरासारख्या गावात बंद घरांची नियमित पाहणी करून मालकाला लेखी वृत्तांत कळवणारा एक रीतसर, मोबदला घेऊन चालणारा व्यवसाय उभा राहिला पाहिजे. तो गावातल्याच माणसांनी उभा करावा, आणि त्याला शेजारधर्माचा ऱ्हास न मानता शेजारधर्माच्या डोक्यावरून उतरलेले एक ओझे मानावे.

बंद घरांची ही संख्या अकस्मात वाढलेली नाही. खानदेशची माणसे पोटासाठी बाहेर पडू लागली त्याला शतकाहून अधिक काळ लोटला. १९०० च्या सुमारास सुरतेपासून अमळनेरपर्यंत ताप्ती खोऱ्यातील रेल्वे झाली आणि पश्चिमेची वाट खुली झाली. आज सुरतेच्या उधना-लिंबायत भागात फिरताना आपण धुळ्याच्या किंवा अमळनेरच्या एखाद्या पेठेतच आहो असा भास व्हावा इतकी आपली माणसे तेथे वसली आहेत. पहुराला स्वतःची आगगाडी होती. पाचोरा ते जामनेर या सुमारे ५६ किलोमीटरच्या अंतरात, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ती 'पीजे' शेंदुर्णी-पहूर करीत सावकाश जात असे, आणि मुंबईहून पाचोऱ्याला उतरलेला मनुष्य तीत बसला की गाव जवळ आल्याचे त्याला डब्यातल्या बोलीवरूनच कळे. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. त्या रुळांवरून गावी येण्याची सवयही तिच्याबरोबर थांबली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पुण्या-नाशकात स्थिरावलेला मुलगा आता लग्नकार्याला मोटारीने येतो, दुपारी जेवतो आणि संध्याकाळी परततो, घर उघडण्याचा प्रसंगच येत नाही.

२०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात सुमारे अडीच कोटी घरे रिकामी आढळली, आणि शहरी भागातील रिकाम्या घरांत महाराष्ट्राचा आकडा सुमारे २० लाख, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होता, अशी नोंद २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात आहे. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेल्या शहरातल्या सदनिका आणि आमचे धाब्याचे घर यांत मात्र महदंतर आहे. सदनिका बंद राहिली तर तिच्यावर धूळ बसते. मातीचे घर बंद राहिले तर ते मरू लागते. सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पाला आणि त्यावर मातीचा जाड थर, अशी धाब्याची रचना खानदेशच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात घर गार ठेवते खरी, परंतु तिची अट अशी की दरसाल पावसाळ्यापूर्वी त्या थरावर खारी, म्हणजे धाब्यावर घालावयाची माती, टाकून तो दाबला पाहिजे, उगवलेले गवत उपटले पाहिजे, पन्हळीचे तोंड मोकळे केले पाहिजे. एक वर्ष चुकले तर पाणी झिरपते. दुसऱ्या वर्षी फळी कुजते. तिसऱ्या वर्षी आईचे बोट तुळईत जाते. पहिल्या वर्षी जे काम दोन मजुरांच्या एका दिवसात आटोपले असते, त्यासाठी आम्हाला पुढे सुतार, गवंडी आणि आठ महिने लागले.

आता कोणी म्हणेल की गावात राखण ही काही नवी कल्पना नव्हे. खरेच नव्हे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालदाराचे जे वर्णन आहे ते आजही वाचण्यासारखे आहे: चोरी झाली तर चोराचा माग काढणे हे त्याचे कर्तव्य, माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन तेथल्या रखवालदाराची खात्री पटवून दिली की याची जबाबदारी संपे आणि त्याची सुरू होई. खानदेशात हे जागल्याचे काम बहुधा भिल्लांकडे असे. त्या व्यवस्थेचा मी गौरव करू इच्छित नाही. जन्माने लादलेली चाकरी आणि तिच्याबरोबर येणारी मानहानी ही तिची दुसरी बाजू होती, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली हे इष्टच झाले. परंतु त्या जुन्या रीतीत एक गोष्ट शहाणपणाची होती, ती अशी की राखणीला मोबदला होता आणि म्हणून जबाब होता; रखवालदाराला 'काय पाहिलेस?' असे विचारता येई आणि त्याला उत्तर द्यावे लागे. वतन गेले, त्यासोबत तो जबाबही गेला. कोतवाल राहिला तो महसुलाच्या कामापुरता, पोलीस पाटील राहिले ते १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने नेमून दिलेल्या कर्तव्यांपुरते, आणि बंद घरांची राखण कोणाच्याच खात्यात न राहता शेजारच्या काकूंच्या ओट्यावर येऊन पडली.

अन्यत्र या गरजेचा व्यवसाय झालेला आहे. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या राज्यात हिवाळा काढून उन्हाळ्यात उत्तरेकडे परतणाऱ्या वृद्धांची घरे अर्धे वर्ष बंद असतात; त्यांची ठरल्या दिवशी पाहणी करणारे व्यावसायिक तेथे इतके झाले की २००९ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. आपल्याकडे मुंबई-पुण्यात परदेशस्थ मालकांच्या सदनिका सांभाळणाऱ्या कंपन्या आहेत, पण त्यांचे लक्ष मुख्यतः भाडेकरू आणि भाडे यांवर. गावठाणातल्या मातीच्या भिंतीकडे बघायला त्यांच्यापैकी कोणी येणार नाही, आणि आले तरी त्यांना खारी म्हणजे काय हे ठाऊक नसणार. ते ज्ञान गावातच आहे, बहुतांशी गावातल्या स्त्रियांपाशी आहे, आणि माझ्या मते या व्यवसायाचे खरे भांडवल तेच.

हे काम कसे चालावे याची कल्पना मी माझ्या घराच्या अनुभवावरून करतो. महिन्यातून दोन फेऱ्या असाव्यात, पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्या चार कराव्यात, आणि मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी आणखी एक. फेरी म्हणजे बाहेरून कुलूप हलवून पाहणे नव्हे. आधी घराला बाहेरून वळसा घालावा: भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप धरले आहे काय, कारण ते बोटभर असताना हाताने निघते आणि मनगटाएवढे झाले की भिंत घेऊन निघते, मागच्या बाजूला कोणी उकिरडा केला आहे काय, जनावर बांधले आहे काय. मग दार उघडून आत दहा मिनिटे खिडक्या मोकळ्या ठेवाव्यात. छताकडे पाहावे, भिंतीच्या तळाशी वाळवीच्या मातीच्या रेषा शोधाव्यात, तुळईवर बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकावा. भरीव लाकूड आणि पोखरलेले लाकूड यांच्या आवाजातला फरक एकदा कानाला कळला की मनुष्य तो विसरत नाही. विजेच्या मीटरवरचा आकडा लिहून घ्यावा, कारण मीटर कुलपाआड असले की सरासरीचे बिल येत राहते आणि बंद घराचा आकडा हलू लागला तर त्याचा अर्थ निराळा असतो. नवे शौचालय असेल तर त्यात बादलीभर पाणी ओतावे. उन्हाळ्यात त्याच्या वळणदार नळीतले पाणी आटते आणि दुर्गंधीबरोबर झुरळे घरात येतात. दाराच्या फटीतून सरकवलेली घरपट्टीची मागणी, बँकेचे पत्र, लग्नाची पत्रिका, जे असेल ते उचलावे आणि मालकाला त्याचे छायाचित्र पाठवावे.

आणि मग लिहावे. तारीख, वेळ, काय पाहिले, काय बदलले, काय करावयास हवे, खाली पाहणी करणाऱ्या दोघी स्त्रियांच्या सह्या. मोबाईलवरून छायाचित्रे धाडणे आज लहान मुलालाही साधते, तेव्हा पुराव्याची अडचण नाही; पण छायाचित्र तेवढेच दाखवते जे काढणाऱ्याने दाखवायचे ठरवले, आणि लिहिताना मात्र मनुष्याला थांबून विचार करावा लागतो की कोनाड्याखालचा डाग मागच्या वेळी होता की नव्हता. मालक येथे जी वस्तू विकत घेतो ती साक्ष होय. 'धाबे गळत आहे' हे वाक्य संकोच न बाळगता लिहिता यावे, एवढ्यासाठीच त्याने पैसे द्यावयाचे.

कायद्याच्या बाजूने या व्यवसायाला काही पथ्ये पाळावी लागतील, आणि ती मी जरा खोलात जाऊन सांगतो, कारण गावी घर असलेल्या प्रत्येक परगावच्या माणसाच्या मनात भीती असते ती चोराची नव्हे, कब्जाची. ज्याच्या हाती चावी त्याचे घर, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. गोव्यातील एका घराचा वाद, ज्यात मालकीण बहीण होती आणि राखणीसाठी घरात ठेवलेला तिचा भाऊ कब्जाचा हक्क सांगत होता, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१२ मध्ये न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत निर्णय दिला की राखणदार, पहारेकरी किंवा नोकर यांचा ताबा कितीही दीर्घ असला तरी तो मालकाच्या वतीने असतो आणि त्यातून त्यांना मिळकतीत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. निर्णय मालकाच्या बाजूचा झाला; परंतु तो मिळेपर्यंत सख्ख्या भावंडांना ज्या कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या, त्या टाळण्याचा उपाय प्रारंभीच एक साधा लेखी करार करणे हा आहे. चावी पाहणीपुरती दिली आहे, घरात कोणी मुक्काम करणार नाही, सामान ठेवणार नाही, मागताक्षणी चावी परत होईल, एवढी चार वाक्ये त्यात असली तरी पुरे.

मुखत्यारपत्र मात्र या व्यवसायाने कदापि घेऊ नये, आणि मालकाने देऊ केले तरी नाकारावे. जो घराची पाहणी करतो त्याच्या हाती घर विकण्याचा, भाड्याने देण्याचा किंवा मालकाच्या वतीने सही करण्याचा अधिकार असणे, हे दोन्ही पक्षांच्या भल्याचे नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मालकाच्या नावाबरोबर भोगवटादाराचेही नाव लिहिले जाते. वर्षातून एकदा तो उतारा काढून मालकाला पाठवणे हे या सेवेचे एक अंग असावे. भिंत पडली की हद्द पुसट होते, हद्द पुसट झाली की वहिवाट सुरू होते, आणि वहिवाटीची बारा वर्षे परगावच्या माणसाला कळतही नाहीत. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. ही मोठी सोय आहे, पण नकाशावरची रेघ कितीही अचूक असली तरी पडलेली भिंत ती उभी करीत नाही.

आणखी एक गोष्ट. पाहणी करणे आणि पहारा देणे ही दोन भिन्न कामे आहेत. रखवालदार पुरवण्याचा धंदा करावयाचा झाल्यास २००५ च्या कायद्यानुसार खासगी सुरक्षा संस्थेचा परवाना लागतो, तेव्हा त्या वाटेला न जाता आपले काम पाहण्यापुरते आणि सांगण्यापुरते मर्यादित ठेवणे श्रेयस्कर. विमा उतरवलेल्या घरांच्या मालकांना तर या लेखी वृत्तांताचा थेट उपयोग आहे. अग्निविम्याच्या जुन्या प्रमाणित करारात इमारत ३० दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिली आणि कंपनीची संमती घेतलेली नसली तर संरक्षणच थांबे, ही अट कित्येकांना नुकसान झाल्यावर वाचावी लागली आहे.

पैशाचा हिशेब अवघड नाही. घरामागे महिन्याला तीनशे रुपये घेतले, आणि पेठ व कसबे मिळून साठ घरे जमली, तर महिन्याला अठरा हजार रुपये होतात. दोन स्त्रियांच्या जोडीला घरची शेतीभाती सांभाळून हे काम करता येईल; सकाळच्या वेळात तीन घरे, म्हणजे महिन्याच्या वीस दिवसांत साठ घरांची एक फेरी, आणि दुसऱ्या फेरीसाठी दुसरी जोडी. जोडीनेच जावे, एकटीने जाऊ नये, हा नियम त्यांच्या सुरक्षिततेसाठी आणि साक्षीच्या विश्वासार्हतेसाठीही आवश्यक. 'उमेद' अभियानाखाली गावोगाव महिलांचे बचतगट आहेत, त्यांना हिशेब ठेवण्याची, ठराव लिहिण्याची, महिन्याच्या बैठकीची सवय आहे. पापड आणि मसाले यांपलीकडे जाऊन त्यांनी हा उद्योग हाती घ्यावा असे मला मनापासून वाटते. उद्यम नोंदणी त्यासाठी विनामूल्य होते. मोठ्या भांडवलाची गरज नाही; एक भक्कम कपाट, दोन वह्या, एक विजेरी आणि एक शिडी.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. कोणत्या घरात कोणी नाही याची यादी ही चोराच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू आहे. म्हणून चाव्यांना नावे नकोत, फक्त क्रमांक हवेत. क्रमांकांची वही निराळ्या घरी, चाव्यांचे कपाट निराळ्या घरी हवे. घराच्या दारावर व्यवसायाची पाटी लावू नये. फेरीचे वार आलटून पालटून असावेत. आणि गटातील प्रत्येकीची ओळख पोलीस ठाण्यात आधीच नोंदवलेली असावी. दागिने आणि रोकड बंद घरात ठेवणाऱ्या मालकाचे काम घेऊच नये.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे, आणि तो मला काकूंनीच ऐकवला. "शेजारच्या घराकडे बघायचे पैसे घ्यायचे, भाऊ?" त्यांच्या प्रश्नात दुखावलेपण होते, आणि त्याला मी उत्तर दिले ते असे: "काकू, कुलूप लावल्यावर तुम्ही आमच्या अंगणात दिवाळीला पणती लावता, त्याचे पैसे मी कधीच देणार नाही आणि तुम्ही ते घेणारही नाही. पण छतावर चढून खारी बघणे, तुळई वाजवून पाहणे आणि मला 'तुमचे घर गळते आहे, आठवड्यात माणूस पाठवा' असे खडसावून लिहिणे, हे कष्ट आहेत." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहायला मला सूनबाईची मदत लागेल."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, आणि त्यांच्याबरोबर सुरत, नाशिक, पुणे येथील कुटुंबेही चार दिवस गावात दिसतात. घरे उघडली जातात, झाडली जातात. गटातील स्त्रियांनी त्याच चार दिवसांत मालकांना भेटावे, त्यांच्यासमक्ष घर आतून-बाहेरून पाहून पहिली नोंद करावी, तुळई त्यांच्याच हाताने वाजवून घ्यावी आणि करारावर दोघांच्या सह्या झाल्यावर चावी स्वीकारावी. आखाजीनंतर पावसाला साधारण महिना-दीड महिना असतो. रोहिणी लागण्यापूर्वी प्रत्येक धाब्यावर शिडी लागलेली असावी आणि ज्यांची खारी खचली आहे त्या मालकांच्या हाती तसे पत्र पोहोचलेले असावे. आमच्या घराचा क्रमांक एक असेल, असे काकूंनी आताच सांगून ठेवले आहे.